हिमसंचय शीतन

हिवाळ्यात निसर्गतः मिळणारे हिम वा बर्फ उन्हाळ्यापर्यंत राखून, ते वितळताना होणाऱ्या उष्णताशोषणाचा इमारती किंवा यंत्रे थंड करण्यासाठी उपयोग करण्याची पद्धती. ०° से. तापमानाचा १ किग्रॅ. बर्फ वितळताना सु. ३३४ किलोजूल सुप्त उष्णता शोषतो. एवढ्या उष्णतेने तितकेच पाणी ०° से. पासून सु. ८०° से. पर्यंत तापते.

बर्फ साठविण्याची कला जुनी आहे. बॉस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी १८३३ मध्ये तळ्यांतील बर्फ जहाजाने कलकत्त्यास पाठविला व पुढे तो मुंबईसही येऊ लागला. आधुनिक उदाहरण स्वीडनमधील सुंड्सव्हाल येथील रुग्णालयाचे होय. तेथे २००० सालापासून सु. ६०,००० घ.मी. हिम उथळ तळ्यात साठवून त्यावर लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर पसरतात. वितळलेले पाणी गाळून उष्णता-विनिमयकात खेळवितात व कोमट झाल्यावर ते पुन्हा हिमाच्या ढिगाकडे सोडतात.

विद्युत् केंद्रांसाठी ही कल्पना मोहक वाटते, कारण त्यांना शीतनाची निकड उन्हाळ्यातच भासते. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समधील नद्यांचे पाणी तापल्याने काही अणुकेंद्रांना उत्पादन घटवावे लागले. संघनकातील पाणी जितके थंड, तितका टरबाइनमागील वाफेचा दाब कमी व कार्यक्षमता अधिक, हेही खरे आहे. तथापि आकडे या कल्पनेच्या बाजूचे नाहीत. १,००० मेगॅवॉटचे अणुकेंद्र उष्णतेच्या सु. एक तृतीयांश भागाचीच वीज करते व उरलेली सु. २,००० मेगॅवॉट उष्णता संघनकावाटे बाहेर टाकते. ती केवळ बर्फ वितळवून शोषावयाची, तर दर सेकंदास सु. ६ टन व दिवसाला पाच लाख टनांहून अधिक बर्फ लागेल. सुंड्सव्हालचा साठा (वजनाने सु. ४०,००० टन) दोन तासही पुरणार नाही. शिवाय जेथे हिम विपुल, तेथे समुद्राचे वा सरोवराचे पाणी बहुधा मुळातच थंड असते.

वायु टरबाइनांची गोष्ट निराळी आहे. उन्हाळ्यात हवा विरळ झाल्याने टरबाइनात शिरणाऱ्या हवेचे वस्तुमान घटते व शक्तीही घटते. येथे संपूर्ण त्याज्य उष्णता शोषावयाची नसून आत येणारी हवाच थंड करावयाची असते, त्यामुळे बर्फ कितीतरी कमी लागतो. प्रत्यक्षात मात्र यासाठी हिवाळ्यातील बर्फाऐवजी रात्री मागणी कमी असताना यंत्राने केलेला बर्फ वापरतात व दुपारच्या कमाल मागणीच्या वेळी तो वितळवितात.