परक्याची ठेव : रोजगाराच्या नोंदवहीतील माणसे

दिवाळीला, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, पेढीवर वहीपूजन होते. त्या वहीत केवळ आकडे नसतात. कोणाकडे किती थकले, कोणी लेकीच्या लग्नासाठी उचल घेतली, कोणाचे पीक बुडाले, हे सारे तिच्या पानांवर असते. म्हणूनच जाणता मुनीम एका गिऱ्हाइकाचे पान दुसऱ्यासमोर उघडत नाही. हा नियम त्याला कोणत्याही कायद्याने शिकविला नाही. पेढीची पत त्यावर उभी आहे, हे तो जाणतो.

सरकारचीही अशीच एक वही आहे आणि तिच्यात बेरोजगारांची नावे असतात. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामास लावण्यासाठी १९४५ साली देशात सेवायोजन कार्यालयांची रचना झाली. १९५६ मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळविण्याचे आणि दर तिमाहीस विवरणपत्र भरण्याचे बंधन घातले. मात्र कार्यालयाने पाठविलेलाच उमेदवार घ्यावा, अशी सक्ती त्यात नव्हती. जिनिंग-प्रेसिंगच्या आणि डाळमिलच्या अनेक मालकांना हे विवरणपत्र आठवत असेल. नोंदणी करणाऱ्याची बाजू मात्र पेढीवरून सहसा दिसली नाही.

मारेगाव किंवा झरी जामणीचा तरुण एस.टी.ने यवतमाळला यायचा, रांगेत उभा राहायचा, शिक्षण, जात, जन्मतारीख, पत्ता सांगायचा. ते सारे एका कार्डावर उतरायचे आणि कार्ड कपाटात जायचे. नोकरीचे पत्र वर्षानुवर्षे येत नसे, हे त्या व्यवस्थेचे मोठे अपयश. पण एक गोष्ट खरी की ते कार्डही कोठे जात नसे. कपाटाचा संथपणा हीच त्याची सुरक्षा होती.

आज त्याच कार्यालयाचे नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असे लांबलचक झाले आहे आणि कपाटाची जागा ‘महास्वयं’ या संकेतस्थळाने घेतली आहे. उमरखेडचा मुलगा घरबसल्या नोंदणी करतो. आधार क्रमांक, मोबाइल, शिक्षण, अनुभव भरतो. उद्योजकही तेथेच नोंदणी करून जागा कळवितो. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने ही वर्दळ एकदम वाढविली. बारावी झालेल्यास दरमहा सहा हजार, आयटीआय वा पदविकाधारकास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये विद्यावेतन, तेही थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात. त्यामुळे नोंदणीच्या माहितीला आता खात्याचीही जोड मिळाली. सोय मोठीच झाली. मारेगावहून यवतमाळची एक खेप वाचणे ही गरीब घरात लहान गोष्ट नव्हे.

प्रश्न उरतो तो कपाटाबाहेर पडलेल्या माहितीचा. रोजगार मेळाव्यातले टेबल डोळ्यांसमोर आणावे. उमेदवारांच्या अर्जांचा गठ्ठा त्यावर असतो. संध्याकाळी मेळावा उठतो आणि तो गठ्ठा, किंवा त्याचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र, कोणा प्रतिनिधीच्या पिशवीतून जाते. पुढे ती यादी एखाद्या व्हॉट्सॲप समूहावर पडली, तर तिचे मालक किती झाले हे कोणासही सांगता येत नाही. नोकरी शोधणाऱ्या मुलीचा मोबाइल क्रमांक अनोळखी माणसांच्या हाती जाणे म्हणजे काय, हे लेकीबाळींच्या घराला समजावून सांगण्याची गरज नाही. कित्येक घरांत असा एक रात्रीचा फोन मुलीचे शिक्षण किंवा नोकरी थांबविण्यास पुरेसा ठरतो. दुसरा धोका पैशाचा. ‘आपली निवड झाली आहे, नोंदणीशुल्क भरा’ असा फोन येतो. समोरच्यास उमेदवाराचे शिक्षण, गाव, जन्मतारीख ठाऊक असते, म्हणून तो खरा वाटतो. शासकीय सेवायोजन सेवेत उमेदवाराकडून शुल्क घेतले जात नाही, एवढी एकच गोष्ट घरोघरी माहीत असली, तरी अनेक फसवणुका पहिल्याच वाक्यात उघड्या पडतील.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. मार्च २०२४ मध्ये फ्रान्सच्या ‘फ्रान्स त्रावाय’ या सरकारी रोजगार संस्थेने जाहीर केले की, तिच्या यंत्रणेतून सुमारे ४ कोटी ३० लाख लोकांची माहिती चोरीस गेली असण्याची शक्यता आहे. नावे, जन्मतारखा, सामाजिक सुरक्षा क्रमांक, पत्ते, दूरध्वनी, सारे त्यात होते. यातील खरी बोचणारी बाब आकड्याची नाही. मागील वीस वर्षांत नाव नोंदविलेली माणसेही त्यात होती. ज्यांना काम मिळून कितीतरी काळ लोटला, त्यांचीही माहिती भांडारात पडून राहिली होती. गरज सरली तरी साठा सरला नाही.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. माहिती सांभाळणाऱ्यावरची बहुतेक कर्तव्ये मात्र नियमांनंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. सवलत किंवा सेवा देताना सरकारला पुष्कळ ठिकाणी वेगळ्या संमतीची गरज नाही; खासगी आस्थापनेला एवढी मोकळीक नाही. सुरक्षेची पुरेशी व्यवस्था न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत जाते. १९५९ च्या कायद्यात रिक्त जागा न कळविणाऱ्या मालकास पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपये दंड होता, हे आठवले म्हणजे काळ किती बदलला ते कळते. एक विचित्र बाबही नोंदविण्यासारखी आहे. कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. हाताने लिहिलेली डायरी त्याच्या कक्षेत येत नाही. त्याच पानाचे छायाचित्र मोबाइलवर ठेवले की ते येते.

खासगीपणाच्या नावाखाली सारेच झाकावे, असाही याचा अर्थ नव्हे. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना जुनी. तिचा कायदा १९७७ चा. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामांच्या सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला. हजेरीपटावर कोणाचे नाव आहे आणि मजुरी कोणी उचलली, हे गावाला दिसले म्हणूनच बोगस नावे पकडता आली. केळापूर वा घाटंजीकडच्या कोलाम पोडावरील मजुराला हजेरीपट उघडा असणे हेच संरक्षण आहे. पण त्याचा बँक खाते क्रमांक उघडा पडला, तर तीच उघडीक त्याला लुबाडते. तेव्हा कोणाची कोणती गोष्ट कोणासमोर उघडी असावी, हा विवेकच येथे महत्त्वाचा. नवा कायदा आल्यावर माहिती अधिकाराच्या कलम ८ मध्येही बदल झाला; वैयक्तिक माहितीचे कारण पुढे करून कार्यालये हजेरीपटच झाकू लागतील, ही कार्यकर्त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही.

हा विवेक जैन परंपरेला नवा नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोट्या उपदेशाबरोबर रहोभ्याख्यान आहे, म्हणजे दुसऱ्याची एकांतातील गोष्ट उघड करणे. कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख करणे. आणि न्यासापहार आहे, म्हणजे ठेवणाऱ्याच्या विस्मरणाचा लाभ घेऊन त्याची ठेव बुडविणे. येथे लक्षात घेण्याजोगे हे की, उघड केलेली गोष्ट खरी असली तरी दोष टळत नाही. उमेदवाराने दिलेली माहिती खरीच असते. ती त्याने एका कामासाठी ठेवलेली असते, एवढेच. आणि ठेवल्यानंतर तो बहुधा विसरून जातो.

समाजातील बहुतेक कुटुंबे या व्यवहारात मालकाच्या बाजूला उभी आहेत. हंगामात जिनिंगवर माणसे घेताना, कापडाच्या दुकानात मुली नेमताना, प्रशिक्षणार्थी मागविताना अर्ज त्यांच्याकडेच येतात. मुलाखतीपूर्वी बँक खात्याची आणि आधारची प्रत मागण्याचे कारण नसते. ती निवड झाल्यावर घेता येते. जेथे आधार लागतेच, तेथे केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी प्रत बहुतेक कामांना पुरते. निवड न झालेल्यांचे अर्ज कापसाचा हंगाम संपला की फाडून टाकता येतात आणि मुनीमजींच्या मोबाइलमधील छायाचित्रेही त्याच दिवशी पुसता येतात. दुसऱ्या पेढीवाल्याने ‘तुमच्याकडची यादी पाठवा’ म्हटले, तर यादी न पाठविता त्याचाच क्रमांक उमेदवारांना कळवावा. ज्याला गरज असेल, तो स्वतः फोन करील.