शेजाऱ्याचा देव आणि आपली साक्ष
श्रद्धा आणि शेजार : लेखांक सातवा

जेऊरच्या स्टेशनातून एका बाजूला रूळ दौंडकडे जातात, दुसऱ्या बाजूला कुर्डुवाडीकडे. दौंडच्या पुढे केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. दौंडला गाडी बदलली की नगर, रेव्हरंड ना. वा. टिळकांची कर्मभूमी. उलट दिशेला कुर्डुवाडीहून फाटा पंढरपूरला जातो. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई टिळक काही काळ तिथेच नातेवाइकांकडे होत्या. आजच्या लेखांकाला लागणारी बहुतेक माणसं या रुळांवरच भेटतात. त्यासाठी अंत्युखियाला किंवा करिंथला जायची गरज नाही. अथेन्सला मात्र एक चक्कर मारू.

साक्ष देणं म्हणजे काय, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आजचा प्रश्न जरा अवघड जागचा आहे. ज्याच्यापुढे साक्ष द्यायची, त्याला आधी 'अंधारातला' ठरवावंच लागतं का? आपल्या प्रार्थनांत हा शब्द फार सहज येतो. 'हे प्रभू, आमच्या गावातले लोक अंधारात आहेत.' प्रार्थना करणाऱ्याच्या मनात तळमळ असते, हे मला मान्य आहे. पण खिडकी उघडी असते, आणि शेजारच्या घरातल्या बाईला सगळं ऐकू जातं. ती एकादशी करणारी, सासूची सेवा करणारी, आपल्या पोराला ताप आला तेव्हा रात्री मीठभाकरी घेऊन आलेली असते. तिला आज कळतं की आपण अंधारात आहोत.

दुसऱ्याच्या श्रद्धेला असं अंधार ठरवणं महाराष्ट्रात आधी जाहीरपणे आणि कडाक्याने होऊन गेलं आहे. मुंबईत मिशनरी डॉ. जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर यांचा वाद झाला. मोरभटांनी 1831 मध्ये 'श्रीहिंदुधर्मस्थापना' लिहिली, आणि विल्सननी इंग्रजीत जे उत्तर छापलं त्याच्या नावातच हिंदू धर्म उघडा पाडण्याची भाषा होती. पुढे 1857 मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी मुंबईच्या समुद्रकिनारी आठवड्यामागून आठवडे वाद घालत राहिले. गर्दी जमे, टाळ्या पडत. देवांच्या कथांतली विसंगती इकडून काढायची, बायबलमधली तिकडून. दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या बाजूला अधिकच घट्ट होऊन घरी गेली असणार, असं ते वाचताना वाटतं. मिशनऱ्यांनी जातिभेदावर आणि विधवांच्या हालांवर जी टीका केली ती खरी होती, त्यातून इथल्या सुधारकांनाही बळ मिळालं, हे नाकारायचं कारण नाही. पण रूढीवर बोट ठेवणं वेगळं आणि समोरच्याच्या आईच्या देव्हाऱ्याची टिंगल करणं वेगळं. वादाच्या भरात ही रेघ पुसली जाते.

आता टिळकांकडे येऊ. 1893 मध्ये नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ. बोलणं निघालं ते संस्कृत काव्यावर. टिळक पट्टीचे कवी, आणि समोरचा माणूस मन लावून ऐकणारा. येशूचा विषय नंतर आला. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही सांगून टाकलं. ते भाकीत मला थोडं खटकतं. दुसऱ्याच्या आत्म्याचं वेळापत्रक आपण लावू नये. पण आधीची गप्प बसून ऐकण्याची रीत मात्र शिकून घ्यावी अशी आहे. समोरचा कोणत्या गोष्टीवर प्रेम करतो ते त्याने आधी विचारून घेतलं. टिळकांनी पुस्तक उघडलं, डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथेच अडकले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढे टिळकांनी काय केलं, ते जास्त महत्त्वाचं आहे. मागचं सगळं खोटं होतं असं म्हणत त्यांनी पाठ फिरवली नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. ख्रिस्ती मंडळीत त्यांनी अभंग आणले, भजन आणलं, टाळमृदंगाच्या साथीने कीर्तन उभं केलं. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. 1919 मध्ये ते वारले, त्यामुळे दरबार फार वाढला नाही. पण आजही खेड्यातल्या उपासनेत पेटीवर त्यांचं पद सुरू झालं की दारातून जाणारा वारकरीही क्षणभर थबकतो. चाल त्याच्या ओळखीची असते.

टिळक स्वभावाने काही संत नव्हते. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कुणालाही त्यांचा तापटपणा आणि लहरीपणा ठाऊक आहे. म्हणूनच लक्ष्मीबाईंच्या बाबतीत त्यांनी जे केलं, ते मला मोठं वाटतं. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं होतं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळं आणि वेगळा स्वयंपाक चालूच राहिला. एका घरात ख्रिस्ती उपदेशक आणि त्याची सोवळ्यातली बायको! आजच्या एखाद्या पाळकाच्या घरी असं असतं तर मंडळीत किती कुजबूज झाली असती, याचा विचार करा. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंना स्वतःलाच पडला, उत्तरही त्यांनीच काढलं, आणि 1900 मध्ये राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोवर टिळकांनी वाट पाहिली.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, टिळकांचा पूल आमच्या उपयोगाचा नाही. बरोबर आहे. नगर-सोलापूरकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. मंगळवेढ्याच्या चोखोबांना विठ्ठलाच्या देवळाच्या पायरीशी जागा मिळाली, तीही समाधीसाठी. साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केलं तेव्हा कुठे 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर अस्पृश्य म्हटल्या गेलेल्यांना उघडलं. ज्याच्या आज्याला त्या दारातून हाकललं, त्याने तिथल्या देवाबद्दल गोड बोलावं अशी अपेक्षा करणं अन्याय होईल. त्याच्या साक्षीत राग असणार, आणि तो असू द्यावा. राग कशावर आहे तेवढं नीट सांगता आलं पाहिजे. 'मला आत घेतलं नाही' हे विधान कुणालाही खोडता येत नाही. 'तुझा देव खोटा' म्हटलं की समोरचा लगेच वकिली सुरू करतो आणि त्या बंद दाराची गोष्ट बाजूला पडते.

म्हणजे मग सगळे धर्म सारखेच, असं म्हणून हात झटकायचे का? तेही मला पटत नाही. ख्रिस्त एकमेव तारणारा आहे असं मानणाऱ्या माणसाने शेजाऱ्यासमोर ते लपवलं, तर तो शेजाऱ्याशी खोटं वागतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात पौल अथेन्समध्ये फिरतो. जागोजाग मूर्ती पाहून तो आतून अस्वस्थ होतो, हे लूक स्पष्ट लिहितो. पण बोलायला उभा राहिल्यावर तो लोकांच्या देवभक्तीपासून सुरुवात करतो, त्यांच्याच गावात सापडलेल्या अज्ञात देवाच्या वेदीचा आधार घेतो, त्यांच्याच कवींचा हवाला देतो. मग पुनरुत्थानाची गोष्ट सांगतो, अजिबात आडपडदा न ठेवता. काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला. पौल तिथून निघून गेला. थट्टा करणाऱ्यांना शाप देत बसला नाही.

रोजच्या जगण्यात ही कसोटी भाषणात लागत नाही, ती प्रसादाच्या वाटीत लागते. शेजारी सत्यनारायण होतो, सून केळीच्या पानाच्या तुकड्यावर शिरा घेऊन दारात येते. काही ख्रिस्ती घरांत तो घेतात, काहींत नाही, आणि पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र वाचलं तर ही ओढाताण तिथेही दिसते. मूर्तीत काही नाही हे तो जाणतो, पण कुणाच्या मनाला अडखळण होऊ नये याचीही त्याला काळजी आहे. ज्याला त्याला आपल्या विवेकाने ठरवू द्यावं. पण नको म्हणायचं असेल तर कसं म्हणायचं? 'आमच्यात चालत नाही' एवढं बोलून दार लोटणं, ही निंदाच झाली, तोंडाने एकही शिवी न देता. त्यापेक्षा, 'अगं, आत ये की. प्रसाद मी घेत नाही, तुला माहितीये. पण चहा टाकते, बस. पूजा छान झाली का? पाहुणे किती आले होते?' एवढं बोललं तर सून बसते. कधीतरी तीच विचारते, 'काकू, तुमच्यात मग काय करतात?' साक्ष द्यायची ती इथे. दोन-चार वाक्यांत, स्वतःच्या आयुष्यातली. आजारपणात कशाने धीर आला, दारू कशी सुटली, भावाला माफ करणं कसं जमलं. तिचा देव काय करत नाही, याची यादी तिने मागितलेली नसते.

आणि ती नाही म्हणाली, तर? नाही म्हणू द्यावं. दुसऱ्या दिवशी तिच्या पोराच्या बारशाला तसंच हसत जावं.

निंदेचा आणखी एक प्रकार उरतो, शब्दांत न दिसणारा. समोरचा माणूस आपल्यावर अवलंबून असला, आपल्या शाळेत शिकणारा, आपल्या दवाखान्यात पडलेला, आपल्या धान्यावर जगणारा, तर त्याच्या 'हो' ची किंमत काय धरायची? पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. त्या प्रार्थना करत तेव्हा मुलींना तिथे यायची मुभा होती. त्यावरून पुण्यात गदारोळ उठला, आणि 1893 मध्ये रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं होतं की कुणावर सक्ती नाही. विरोधकांचं म्हणणं, आसरा देणाऱ्या बाईच्या खोलीचं दार उघडं असणं हीच सक्ती. दोन्ही बाजूंत तथ्य आहे असं मला वाटतं, आणि त्यासाठी एक अख्खा लेखांक लागेल. पुढच्या आठवड्यात केडगावला उतरू.