गोठ्यातील पहारा

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्याजवळ ग्रुइनार्ड नावाचे एक लहानसे बेट आहे. दुसरे महायुद्ध चालू असता, १९४२ साली, ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तेथे मेंढ्या बांधल्या आणि त्यांच्याजवळ काळपुळी रोगाच्या जंतूंनी भरलेले बॉम्ब फोडून पाहिले. थोड्याच दिवसांत मेंढ्या मेल्या. युद्ध संपले, तरी बेटावर पाऊल टाकण्यास मनाई कायम राहिली. १९८६ साली २८० टन फॉर्माल्डिहाइड समुद्राच्या पाण्यात मिसळून त्या जमिनीवर शिंपडावे लागले. तेव्हा कोठे १९९० मध्ये बेट निर्धोक ठरले.

रोगजंतूंचे शस्त्र करण्यास मनाई करणारा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून अमलात आहे व भारतही त्यात सहभागी आहे. तथापि २००१ साली अमेरिकेत याच रोगाचे जंतू टपालातून पाठविले गेले आणि पाच माणसे दगावली.

वाचकहो, आपण म्हणाल, या दूरच्या गोष्टींशी आमच्या गोठ्याचा काय संबंध? संबंध मातीचा आहे. काळपुळी आपल्या देशातही, ओडिशातील कोरापुटसारख्या भागांत, निसर्गतःच अधूनमधून उद्भवते. जनावर एकाएकी मरते. नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त येते. शव फाडले की जंतूंना हवा लागते, त्यांच्याभोवती टणक कवच तयार होते आणि त्या रूपात ते कित्येक दशके मातीत टिकून राहतात.

हे जंतू कोणी मुद्दाम आणले की मातीतूनच वर आले, हे मेलेल्या बैलाकडे पाहून सांगता येत नाही. तो शोध प्रयोगशाळेने घ्यावयाचा. आपले कर्तव्य दोन्ही प्रसंगी एकच: वेळीच ओळखणे व कळविणे.

हे सांगणे सोपे, करणे कठीण. ज्याचा एकुलता एक बैल गेला, त्याला कातड्याचे चार पैसे सोडवत नाहीत. वर्दी दिली तर आपले दूध कोणी घेणार नाही, ही भीतीही असतेच. परंतु त्या चार पैशांपायी घरातील माणूस गमावण्याची वेळ येऊ शकते.

म्हणून असे शव उघडू नये, सोलू नये, ओढत नेऊ नये. मुलांना व कुत्र्यांना दूर ठेवावे आणि ग्रामपंचायतीस किंवा पशुवैद्यकास तत्काळ कळवावे. २००९ च्या केंद्रीय कायद्यानेही ही वर्दी देणे आवश्यक ठरविले आहे. अनेक राज्यांत १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक बोलाविता येते. शव त्यांच्या सल्ल्याने खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. जेथे हा रोग पूर्वी झाला असेल, तेथे निरोगी जनावरांना दरवर्षी लस टोचून घ्यावी. घरात कोणाच्या हातावर न दुखणारी पुळी येऊन तिच्यावर काळी खपली धरली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वेळेवर औषध मिळाल्यास हा रोग बरा होतो.

आणि शेजाऱ्यांनो, ज्याने वर्दी दिली त्याला दोष देऊ नका. आपला तोटा सोसून त्याने तुमचा गोठा राखला आहे. त्याच्या पेरणीला दोन दिवस तुमची बैलजोडी द्या. म्हणजे पुढच्या वेळी कोणी गप्प राहणार नाही.