बोट दाखवल्याने भोपळा सडत नाही

मृगाचा पाऊस पडला की आपल्या वस्त्यांमध्ये भोपळ्याचे वेल दिसू लागतात. कुणी सिमेंटच्या गोणीत माती भरून बी टोचते, कुणी मोरीच्या कडेला, कुणी भिंतीलगतच्या वीतभर जागेत. वेल पत्र्यावर चढला की घरात उन्हाची धग थोडी कमी होते आणि भाजीचा खर्चही वाचतो. लाल भोपळा, डांगर, काशीफळ, नाव काहीही असो, यात अ जीवनसत्त्व तयार करणारे घटक भरपूर असतात. डोळ्यांसाठी आणि वाढत्या मुलांसाठी ही भाजी चांगली. फोडणीत थोडे तेल असले की ते घटक अंगी जास्त लागतात. कोवळ्या पानांची भाजी होते. बियांत प्रथिने आणि लोह असते, म्हणून त्या फेकू नयेत, वाळवून भाजून खाव्यात.

मात्र वेलाला धरलेले फळ सडून गळू लागले की घरात बोलाचाली सुरू होते. कुणीतरी बोट दाखवले. नजर लागली. सुनेने पाळीच्या दिवसांत वेलाला हात लावला. मग वेलाला फाटकी चप्पल बांधली जाते आणि सुनेला अंगणात फिरकू देत नाहीत. बाबासाहेबांनी 1956 साली दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या आपण म्हणतो. ज्या समाजाच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्याच समाजाच्या घरात बाईच्या सावलीने वेल करपतो असे कुणी म्हणावे, याचे वाईट वाटते.

खरे कारण शोधायला सुरी पुरते. गळालेले फळ उचला आणि मधोमध कापा. आत पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसल्या, सालीवर टाचणीने टोचल्यासारखी खूण आणि तिथे चिकाचा थेंब वाळलेला असला, तर हे काम फळमाशीचे. ही माशी कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते, अळ्या आतला गर खातात आणि फळ सडते. अळी नसेल, आणि फळ लिंबाएवढे असतानाच पिवळे पडून सुकले असेल, तर बहुतेक वेळा परागीभवन झालेले नसते. भोपळ्याला नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा असतो. फुले पहाटे उमलतात आणि दुपार व्हायच्या आत मिटतात. तेवढ्या वेळात मधमाशी आली नाही तर ते फळ पोसत नाही. वस्तीत मधमाश्या कमी असतील तर सकाळी आठच्या आत नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या आत हलकेच फिरवा. हे काम शाळकरी मुले आवडीने करतात. एहिपस्सिको, या आणि पाहा, असे आपण वंदनेत म्हणतोच. इथे कापून पाहा.

फळमाशीला आवरायचे तर सडके फळ वेलाखाली पडू देऊ नये. अळ्या फळातून निघून मातीत शिरतात, कोष करतात आणि पुन्हा माशी होऊन येतात. म्हणून किडके फळ रोजच्या रोज उचलावे. ते उकिरड्यावर किंवा नालीत टाकू नये. दोन फूट खोल पुरावे, नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवावे. फळ धरले की जुन्या धोतराच्या किंवा ओढणीच्या तुकड्याची सैल पिशवी करून त्यावर बांधावी. सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय हाच. कृषी सेवा केंद्रात फळमाशीचे कामगंध सापळे मिळतात. वेलवर्गीय भाज्यांसाठी ‘क्यू ल्युअर’चा सापळा मागावा, आंब्यासाठीचा वेगळा असतो. त्यात फक्त नर माश्या अडकतात. एकट्या घराने लावून फारसे साधत नाही. गल्लीत पाच-सहा वेल असतील तर सगळ्यांनी मिळून लावावेत.

दुसरा शत्रू लाल भुंगेरा. रोप दोन-चार पानांचे असतानाच तो पानांची चाळण करतो. भुंगेरे सकाळच्या गारव्यात सुस्त असतात. त्या वेळी साबणाच्या पाण्याचे भांडे खाली धरून पाने झटकली की ते त्यात पडतात. पाने दवाने ओली असताना चुलीची चाळलेली राख भुरभुरावी, पण प्लॅस्टिक जाळलेली राख नको. लहान रोपावर फाटक्या मच्छरदाणीचा तुकडा टाकला तर भुंगेरे आत येत नाहीत. फुले लागली की तो काढावा, नाहीतर मधमाशीलाही वाट राहत नाही. भुंगेऱ्याच्या अळ्या मातीत राहून मुळे खातात, म्हणून बुंध्याजवळची माती अधूनमधून हलकी खुरपावी. हंगाम संपल्यावर जुना वेल तसाच ठेवू नये.

पानामागे बारीक हिरवा-काळा मावा चिकटलेला असेल तर निंबोळी अर्क मारावा. 50 ग्रॅम वाळलेली निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला. आधी एकाच पानावर मारून पाहा, पान भाजले नाही तर संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. पानांवर पिठासारखी पांढरी भुरी दिसली तर तो कीटक नाही, बुरशी आहे. तशी पाने काढून वेल मोकळा करावा.

‘पाणातिपाता वेरमणी’ म्हणणाऱ्याने भुंगेरे मारावेत का, असे काही उपासिका विचारतात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. पिशवी बांधणे, जाळी लावणे आधी करावे. लेकरांच्या ताटातली भाजी वाचवायला जेवढे लागते तेवढेच करावे. मधमाशी मरेल असे काही करू नये.

शेतातून उरलेले किंवा कुणाकडून मागून आणलेले कपाशीचे औषध घरच्या वेलावर कधीही मारू नका. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला बंदी आहे. फोरेटच्या दाण्यांवर तर 2020 अखेरपासून पूर्ण बंदी आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे 20 शेतकरी-शेतमजूर दगावले. शेतात ही गत, तर पत्र्याखालच्या दहा फुटी खोलीत काय होईल? झुरळांचा खडू किंवा मुंग्यांची पावडरही वेलाला लावू नये. औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात तेल, पाणी, धान्य ठेवू नये. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून 23 मुले गेली, त्या जेवणात मोनोक्रोटोफॉस मिसळले गेले होते.

आणखी एक. शिजवण्याआधी भोपळ्याचा लहान तुकडा जिभेला लावून पाहा. कडू जहर लागला तर थुंकून टाका आणि सगळा भोपळा फेका. त्या कडूपणाने उलट्या-जुलाब होतात आणि शिजवूनही तो जात नाही.

औषध अंगावर सांडले किंवा फवाऱ्याच्या वाफेने मळमळ, घाम, लाळ, धूसर दिसणे सुरू झाले तर कपडे काढून अंग साबणाने धुवा. उलटी काढायला मीठपाणी पाजू नका. 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली लेबलासकट दवाखान्यात सोबत न्या. कोणते विष आहे हे कळल्यावर डॉक्टरांना उपचार लवकर सुरू करता येतात.