पुसा आणि पुन्हा काढा

जमिनीत लहरी सोडायच्या आणि त्यांच्या प्रतिध्वनींवरून पोटातल्या थरांची चित्रं काढायची, हे स्टॅनफर्डमधल्या जॉन क्लेरबाउट यांच्या गटाचं काम. 1990च्या सुमारास त्यांची अडचण वेगळीच होती. विद्यार्थी पीएचडी करून गेला की प्रबंधातली आकृती मागे उरे, पण ती कशी काढली हे त्याच्याबरोबर जाई.

उपाय जुन्या अवजारात सापडला. बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली प्रोग्राम बांधण्यासाठी ‘मेक’ लिहिलं होतं. कोणती फाइल कशापासून बनते ते एकदा लिहून ठेवायचं. मूळ बदललं, की त्यावर अवलंबून असेल तेवढंच नव्याने बनतं. क्लेरबाउटांच्या गटाने हेच तत्त्व संशोधनातल्या आकृत्यांना लावलं. ‘बर्न’ म्हटलं की आकृत्या पुसल्या जात, ‘बिल्ड’ म्हटलं की मूळ नोंदींपासून पुन्हा तयार होत. प्रत्येक आकृतीखाली शेराही असे: सहज पुन्हा काढता येणारी, अटींवर येणारी, न येणारी. हा तिसरा शेरा स्वतःच्याच कामावर मारायला धारिष्ट्य लागतं. 1992 साली क्लेरबाउट आणि मार्टिन कारेनबाख यांनी ही पद्धत भूभौतिकशास्त्रज्ञांपुढे मांडली.

पुढच्या काळात साधनांना तोटा राहिला नाही. 2002 मध्ये ‘स्वीव्ह’ने आर भाषेतली आकडेमोड थेट लेखात गुंफली. जनुकविज्ञानात कामाच्या पायऱ्या शेकड्यांनी वाढल्या, तेव्हा 2012 मध्ये ‘स्नेकमेक’ आलं. नावातच वंशावळ आहे. पुढच्या वर्षी ‘डॉकर’ आलं आणि प्रोग्रामला लागणारा सगळा सरंजाम एका डब्यात बंद करून पाठवता येऊ लागला.

सर्वांत लाडकी ठरली ती ‘ज्युपिटर’ नोटबुक: प्रोग्रामचे तुकडे आणि त्यांची उत्तरं एकाच पानावर, चौकटीचौकटींत. माझ्या मते ‘बर्न’ विसरलं गेलं ते इथेच. चौकटी हव्या त्या क्रमाने चालवता येतात, आणि खोडून टाकलेल्या ओळीचं उत्तर मेमरीत तसंच राहतं. 2019 साली, प्रोग्राम जाहीर ठेवण्याच्या ‘गिटहब’ या संकेतस्थळावरच्या लाखो नोटबुक पुन्हा चालवून पाहिल्या गेल्या. सुमारे 24 टक्के विनातक्रार चालल्या. आधीचंच उत्तर जेमतेम 4 टक्क्यांनी दिलं.

नोटबुकच्या उलट डॉकरचा डबा उत्तर तेच देईल, पण आत काय भरलंय हे सांगेलच असं नाही. ते सांगणारी फाइल वेगळी लिहावी लागते, आणि डबा पुसून तिच्यावरून पुन्हा बांधून पाहणारे आजही थोडेच.