विमानात इंधन भरताना थंडी काय करते?

"सर, वर आकाशात विमानाचं पेट्रोल गोठत नाही का?" पदार्थाच्या अवस्था शिकवताना हा प्रश्न हमखास येतो. आधी एक दुरुस्ती सांगा: प्रवासी जेट विमानात पेट्रोल नसतं, रॉकेलच्या कुळातलं इंधन असतं. आपल्याकडे जे वापरतात त्याचं नाव जेट ए-१. ते उणे ४७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठता कामा नये, असा नियमच आहे. म्हणजे लेहच्या हिवाळ्यातही ते टँकरमध्ये गोठणार नाही. मग थंडीत भीती कशाची? पाण्याची आणि ठिणगीची.

इंधनात थोडं पाणी विरघळलेलं असतंच. इंधन गार झालं की त्यातलं काही पाणी सुटं होतं आणि जड असल्यामुळे तळाशी बसतं. म्हणून भरण्याआधी तळाचा कॉक उघडून काचेच्या बरणीत नमुना काढतात. तो नितळ हवा, खाली थेंब नको. कडाक्याच्या थंडीत नेमकी इथेच फसगत होते. तळाचं पाणी बर्फ झालं असेल, तर ते कॉकमधून बाहेर येतच नाही आणि बरणी मात्र स्वच्छ दिसते! म्हणून पाणी गोठायच्या आत काढून टाकावं लागतं.

पाणी काय करू शकतं? १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ लंडनच्या हीथ्रो विमानतळावर धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. इंधन गोठलं नव्हतं, भरण्यातही चूक नव्हती. इंधनातल्या नेहमीच्याच पाण्याचा बर्फ होऊन इंजिनांकडे जाणारा प्रवाह अडला होता. विमानातले सर्व १५२ जण वाचले.

आता ठिणगी. नळीतून आणि गाळणीतून वाहताना इंधनात स्थिर विद्युतभार तयार होतो. कोरड्या थंड हवेत तो लवकर विरत नाही. म्हणून नळी लावण्याआधी टँकर आणि विमान एका तारेने जोडतात आणि ती तार सगळ्यात शेवटी काढतात. तिचा चिमटा उघड्या धातूला लागला पाहिजे. रंगावर किंवा बर्फावर लावला तर तार असून नसल्यासारखीच.

इंधन भरणाऱ्याच्या हातात 'डेडमॅन' नावाचा खटका असतो. हात सुटला की प्रवाह बंद. जाड हातमोज्यात तो धरून बोटं आखडतात, म्हणून तो दोरीने बांधून ठेवायचा मोह होतो. असं कधीच करायचं नसतं, कारण माणूस घसरून पडला तरी इंधन वाहतच राहील. आणि हातमोजा इंधनाने भिजला तर ताबडतोब बदलायचा. शून्याखालचं इंधन द्रवच असतं, पण त्वचेला हिमदंश करतं.

वर्गात दाखवायचं तर केसांवर घासलेला कंगवा आणि कागदाचे कपटे पुरेत. फक्त हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत घ्या. जुलैच्या दमट हवेत तो बहुतेक वेळा फसतो, आणि का फसतो हे मुलांनाच विचारा.