प्रत्येक इयत्तेंतून एकच ओळ

शाळेचा वार्षिक निकाल संगणकांतील कोष्टकांत भरला आहे, असें समजूं. प्रत्येक ओळींत इयत्ता, नांव व गुण असे तीन रकाने आहेत. पारितोषिक-समारंभाकरितां प्रत्येक इयत्तेंतील प्रथम आलेल्याचें नांव पाहिजे. प्रश्न दिसावयास सोपा. परंतु येथें जाणतेही फसतात.

कोष्टकांस प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा १९७४ सालीं आय्. बी. एम्. कंपनींतील चेंबरलिन व बॉइस या दोघांनीं मांडली. तेव्हां तिचें नांव सीक्वेल होतें. तींत 'ग्रुप बाय' म्हणजे इयत्तावार ढीग करणें, आणि 'मॅक्स' म्हणजे प्रत्येक ढिगांतील सर्वांत मोठा आंकडा काढणें. पण 'मॅक्स' ओळ निवडीत नाहीं. आंकडा तेवढा उचलतो. समजा, आठवींत कमलला ९१ व यशवंताला ८४ गुण आहेत. उच्चांकाबरोबर नांवही मागितलें, तर बहुतेक यंत्रणा हरकत घेऊन थांबतात. मायएसक्यूएल मात्र २०१५ सालच्या ५.७ या आवृत्तीपूर्वीं सहसा थांबत नसे. ढिगांतील कोणतेंही नांव पुढें करी. म्हणजे ९१ च्या शेजारीं यशवंत छापला जावयाचा, आणि कोणास पत्ताही नाहीं! त्यापेक्षां हरकत घेणारें यंत्र बरें.

यावर जुना उपाय असा कीं, इयत्ता व उच्चांक यांची लहान यादी आधीं करावी, मग ती मूळ कोष्टकाशीं जोडून ज्या ओळींत दोन्ही जुळतील त्या घ्याव्या. दुसरा उपाय २००३ च्या प्रमाण-एसक्यूएलमध्यें आला. 'पार्टिशन बाय' इयत्ता, 'ऑर्डर बाय' गुण, तेही उतरत्या क्रमानें, असें सांगितलें कीं 'रो नंबर' प्रत्येक इयत्तेंत १, २, ३ असे क्रमांक घालतो. हे क्रमांक 'व्हेअर'ची चाळणी होऊन गेल्यावर पडतात. म्हणून क्रमांक घालणारी विचारणा आंत ठेवून बाहेरच्या विचारणेनें १ क्रमांकाच्या ओळी मागाव्या लागतात.

आतां शांतेलाही ९१ गुण असले तर? 'रो नंबर' एकीला १ व दुसरीला २ देतो. कोणीला कोणता, याचा नेम नाहीं. उद्यां पुन्हां विचारल्यास उलटही होईल. 'रँक' दोघींना १ देतो व यशवंताला ३. जुन्या जोडणींतही दोघींच्या ओळी येतात. पारितोषिक एकच असेल, तर गणिताचे गुण कीं हजेरी, ही पुढची कसोटी 'ऑर्डर बाय'मध्यें लिहावी लागते. ती शाळेनें ठरवावयाची, आणि मुलांस व पालकांस निकालापूर्वीं सांगावयाची.